ताई, पोरं मोजून घे

बिबट्याच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. ऊसतोड सुरू झाली की रोज एखादा दारात येऊन पडतो. अवसरी बुद्रुकात आमची पाच-सहा जणांची टोळी आहे. बिबट्या दिसला की आधी लोकांना आवरायचं, मग वन खात्याच्या साहेबांना फोन. टोळीचा म्होरक्या माझा दादा. म्हणजे होता. तीन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून येताना गेला. त्याची शिट्टी आता माझ्या गळ्यात आहे. मी आठवीत शाळा सोडलेला, डोक्याने तापट. मला दादासारखं जमतं का, हे सगळे बघतायत. मीपण!

*

घाटघरला वाघोबाचा दगड आहे. समोरच्या झाडाला साहेबांनी कॅमेरा बांधला. आठ दिवसांनी उघडला तर सगळे फोटो लालभडक! "सेन्सर गेला," साहेब म्हणाले. दादाने काचेवरून बोट फिरवलं. शेंदूर!

तिथली म्हातारी म्हणाली, "देवासमोर येऊन बसलाय, डोळा मिटत नाय. त्याला कोरडा कसा ठिवायचा?"

दुसऱ्या कॅमेऱ्याला साहेबांनी स्वतःच टिळा लावला. काच सोडून!

*

तिथल्याच देवराईत एक मोठं झाड वादळात आडवं झालं. मी म्हटलं, "आप्पा, सडून जाईल की! न्या ना घरी." देवराई सांभाळणारे आप्पा म्हणाले, "पडलं तरी देवाचंच." मला काही पटलं नाही. वर्षाने गेलो तर त्याच्या ढोलीत उदमांजराची पिल्लं! आप्पा शांतपणे म्हणाले, "बघ. भाडेकरू आलं."

*

शेतात बिबट्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. दादाने खात्याच्या फॉर्मवर 'प्राण्याचे नाव' या रकान्यात 'ताई' लिहिलं. साहेब तेव्हा नवीन होते. "ही ताई कोण?"

"नाव घेतलं की हाक मारल्यासारखं व्हतं, साहेब."

साहेब खूप हसले. महिन्याने त्यांचाच फोन, "काय रे, ताई आली का तिकडं?"

*

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांजवळच्या गोठ्यातून वासरू गेलं. शेतकरी साहेबांवर भडकला, "हे मशीन आभाळातलं ऐकतं म्हणं! मग उसातलं का नाय ऐकत?"

दादा म्हणाला, "भाऊ, ते लांबचं ऐकतं. जवळचं टिटवी सांगती. काल लई वरडली ना? तुमी टीव्ही लावला व्हता!"

*

आता परवाचं. उसात तीन पिल्लं सापडली. दादाची पद्धत ठरलेली. पिल्लं सापडली तिथेच संध्याकाळी क्रेटमध्ये उसाच्या पाचटावर ठेवायची. उसाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचं, "ताई, पोरं मोजून घे." मग मागे न बघता निघायचं.

मी पिल्लं ठेवली. तोंड उघडलं, तर कानात दादाचाच आवाज. तोंड मिटलं. तसाच पळालो.

सकाळी तिन्ही पिल्लं तिथेच!

साहेब म्हणाले, "आज तिने नेली नाहीत तर निवारा केंद्रात न्यावी लागतील. मग जन्मभर पिंजरा."

टोळीतल्या सदाने विचारलं, "म्हणला व्हतास का?"

मी मान हलवली. नाही.

"मग तिला काय कळणार, राव? दादा कधी इसरला का?"

मी शिट्टी काढून त्याच्या अंगावर फेकली. "तूच घाल!" त्याने ती उचलली, पुसली आणि परत माझ्या गळ्यात घातली.

संध्याकाळी पुन्हा क्रेट ठेवला. उसाकडे तोंड केलं. "ताई, दादा नाय आता. मी धाकटा. पोरं मोजून घे."

सकाळी क्रेट रिकामा. साहेबांनी क्रेटसमोर बांधलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं. तिने एक नेलं. दुसरं नेलं. तिसरं! सदाने माझ्या पाठीत धपका घातला.

"थांबा," साहेब म्हणाले, "अजून एक फोटो आहे."

ती चौथ्यांदा आली होती. रिकाम्या क्रेटमध्ये वाकून बघत होती.