नवऱ्याची कंपनी विकली गेली, तेव्हाची गोष्ट

मी सांगलीची. नवरा कुंभकोणमचा, पण घरी मराठीच बोलणारा. त्याच्या घराण्यातलं कोणीतरी मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलं आणि मग परत गेलंच नाही. आमची गाठ बंगळूरला पडली. दोघंही मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरीला होतो, तो एका आणि मी दुसऱ्या. या दोन कंपन्या कायम एकमेकींची गिऱ्हाइकं पळवण्यात गुंतलेल्या. आमच्या लग्नाला दोन्हीकडचे सहकारी आले होते आणि आपापल्या फोनवर आमचे फोटो काढून कोणाचा उजळ येतो ते पडताळून पाहत होते.

घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा आम्ही कुंभकोणमला आलो. सासरचं घर बाजारापासून दोन गल्ल्या आत आहे. नवरा वरच्या खोलीत काम करायचा, मी खाली, झोपाळ्याच्या खोलीशेजारी. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात आणि सासऱ्यांना अप्पा, म्हणून मीही. अप्पांचं आयुष्य आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नव्या वाणांवर काम करण्यात गेलं. अम्मांनी शाळेत गणित शिकवलं. बाहेर पडले की दोघं तमिळ बोलतात, उंबऱ्याच्या आत त्यांची जुनी मराठी. पहिल्यांदा अप्पा मला ‘तुज काय पाहिजे, सांग’ म्हणाले तेव्हा मला वाटलं, कोणी बखर वाचून दाखवतंय. त्यांना माझी मराठी घाईची वाटते. अजूनही वाटते.

आमच्या दोघांच्या फोनांत आतून ऑपरेटिंग सिस्टिम मात्र एकच होती. ती एका तिसऱ्याच, खूप मोठ्या कंपनीची. ही कंपनी स्वतः फोन विकत नसे. सिस्टिम बनवायची आणि सगळ्या फोनवाल्यांना वापरायला द्यायची, असा तिचा व्यवहार. दर वर्षी नवी आवृत्ती निघायची. मग प्रत्येक फोनवाला ती घेऊन आपल्या फोनावर नीट बसवायचा, तिला आपला साज चढवायचा. आमच्या कंपनीत हे बसवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि नवऱ्याच्या कंपनीत जवळपास तेच काम त्याच्याकडे. त्यामुळे जिन्यातून आमचं बोलणं चालायचं.

“तुमच्याकडे ब्लूटूथ मध्येच तुटतंय का?”

“तुटतंय. आमचंच काही चुकलंय असं वाटत होतं मला.”

यात गुपित काही नव्हतं. सिस्टिम सगळ्यांची, तेव्हा तिच्या खोड्याही सगळ्यांच्या.

मग एका सकाळी, डबरा म्हणतात त्या पसरट वाटीतली कॉफी वरखाली ओतून निववत असताना, नवऱ्याने फोनवर काहीतरी वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

“आमची कंपनी विकली,” तो म्हणाला.

“कोणी घेतली?”

त्याने सांगितलं. ज्यांची सिस्टिम, त्यांनीच घेतली होती.

अप्पा पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली घेतला आणि मला विचारलं, “याने काय होईल?” मी त्यांना समजावून सांगितलं. आजवर सिस्टिमवाला फोनवाल्यांचा स्पर्धक नव्हता, आता होणार. त्याचा स्वतःचा फोनचा कारखाना असेल आणि त्याच सिस्टिमवर बाकीचे आम्ही सगळे अवलंबून.

अप्पांनी थोडा विचार केला. “आम्ही बियाणं सगळ्यांस देत असू. आमची विकायची शेती नव्हती, म्हणून लोकांचा भरवसा. आम्हीच भात विकावयास बसलो असतो, तर चांगलं बियाणं कोणाच्या वावरात गेलं, हे लोकांनी विचारलं असतं.”

“आम्हीही आता तेच विचारणार,” मी म्हणाले.

“माझ्याकडे काय बघतेस?” नवरा म्हणाला. “मला तुझ्याबरोबरच कळलं.”

कॉफी संपायच्या आत माझ्या मॅनेजरचा फोन आला. बातमीबद्दल दोन वाक्यं बोलून तो थेट मुद्द्यावर आला. “तुझा नवरा तिथेच आहे ना?” मी हो म्हटलं. “बरं,” तो म्हणाला, आणि तो ‘बरं’ मला जरा लांबल्यासारखा वाटला. दुपारी मला कंपनीची सूचना आली: स्पर्धक कंपनीत काम करणाऱ्या व्यक्तीशी कामाबद्दल काहीही बोलू नये, ती कुटुंबातली असली तरी. नवऱ्यालाही तशीच आली. आम्ही दोघांनी आपापल्या स्क्रीनवर ती वाचली आणि जेवायला एकत्र बसलो.

त्या दिवसापासून आम्ही घरात नियम केला. कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. माझी मीटिंग चालू असेल तर त्याने माझ्या खोलीसमोरून जायचं नाही, म्हणून तो मागच्या जिन्याने उतरून विहिरीकडून स्वयंपाकघरात यायचा. त्याच्या मीटिंगच्या वेळी मी वर कपडे वाळत घालायला जात नसे. जेवताना तोंडाशी आलेला विषय गिळावा लागे आणि मग दोघंही सांबाराबद्दल बोलत बसायचो. आमच्या आयुष्यात सांबाराबद्दल इतकं बोलणं आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

अम्मांनी हे सगळं पाहिलं आणि आपल्या परीने हिशेब मांडला. एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, जवळच साक्कोट्टैला देवळात जाऊन येऊ, सगळे मिळून. विठ्ठलाच्या भजनाला नियमाने जाणाऱ्या अम्मांनी अचानक शंकराचं देऊळ का काढलं, ते मला कळेना. गाडीत नवरा चालवत होता, अप्पा पुढे, आम्ही दोघी मागे. गाव मागे पडल्यावर अम्मांनी माझा हात धरला.

“मुली, खरं सांग. तुमचं भांडण कशावरून?”

“आमचं? कोणतं भांडण?”

“मज दिसत नाही का? तो विहिरीकडून येतो. तू दार लावून बसतेस. जेवताना पाहुण्यासारखे बोलता. भजनातल्या बायका म्हणाल्या, साक्कोट्टैच्या देवापुढे दोघांस एकत्र उभं कर, मग मिटतं.”

नवऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण त्याला हसू आवरेना. मला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. या बाईने कित्येक दिवस ही काळजी मनात ठेवून आम्हाला दोघांना रोज गरम दोसे वाढले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. दोन कंपन्यांच्या सूचना, आमचा नियम, तोंड उघडलं तर नोकरीवर बेतू शकतं ते.

“म्हणजे भांडण तुमच्या कंपन्यांचं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि विहिरीकडून यावयाचं माझ्या मुलाने.”

“हो, अम्मा.”

अप्पा पुढून म्हणाले, “आता निघालोच आहोत, तर दर्शन घेऊन येऊ.” आम्ही गेलो. अम्मांनी आम्हाला दोघांना देवासमोर एकत्र उभं केलंच. काही बिघडत नाही, म्हणाल्या.

यानंतर काही दिवसांतच माझ्या कंपनीने ठरवलं की सगळा भार त्या सिस्टिमवर ठेवायचा नाही. उद्या सिस्टिमच्या मालकाने नवी आवृत्ती आधी आपल्याच फोनला दिली, आम्हाला चार महिने उशिरा दिली, तर? म्हणून स्वतःची सिस्टिम उभी करायला एक लहान गट केला आणि त्यात मला घेतलं. हे कोणालाही सांगायचं नव्हतं, घरी तर मुळीच नाही.

मला ते काम मनापासून आवडलं, हे कबूल करते. इतकी वर्षं मी दुसऱ्याने शिवलेला सदरा आमच्या फोनाच्या मापाला उसवत आणि दाबत होते. आता कापड आमचं होतं. पहिल्यांदा आमच्या सिस्टिमवर फोन सुरू झाला आणि पडद्यावर वेळ दिसली, तेव्हा बंगळूर, पुणे आणि कुंभकोणम अशा तिन्ही ठिकाणची माणसं मीटिंगमध्ये नुसती ती वेळच पाहत होती.

अडचण पुढे आली. तो फोन आम्ही रोज स्वतः वापरून बघायचा होता. त्यावर फोन लागायचा, फोटो निघायचे, पण लोकांना लागणारी ॲपं नव्हती. ती बनवणारे म्हणायचे, तुमचे फोन आधी लाखांनी खपू देत, मग बघू. आणि ॲपं नाहीत तर फोन खपणार कसे, हा आमचा प्रश्न. बाजारात मला हे रोज भोवायचं. मी ज्या बाईकडून विड्याची पानं घ्यायची, ती पैशांसाठीचा क्यूआर कोड पुढे करायची आणि मी पर्स उघडून नोटा शोधायची. “काय झालं, फोन बिघडला?” ती तमिळमध्ये विचारायची. मी मान हलवायची. नवरा बरोबर असला तर पिशवी हातात घेऊन शेजारच्या दुकानातली पितळेची भांडी लक्ष देऊन पाहत उभा राहायचा.

मग नव्या आवृत्तीचा दिवस आला. सगळ्या फोनवाल्यांना ती सकाळी मिळणार होती. आमच्या कंपनीत सगळ्यांची एकच खात्री होती, नवऱ्याच्या कंपनीला ती कधीच मिळालेली असणार. माझं नवं काम चालू होतं तरी जुनंही सुटलं नव्हतं, म्हणून मी सकाळी बसले आणि ती नेटवरून उतरवून घ्यायला सुरुवात केली. थोडा वेळ बरा गेला आणि मग घरातलं इंटरनेट मुंगीच्या चालीने सरकू लागलं. मी राउटर पाहिला, वायर काढून परत लावली. काही फरक पडेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नवरा लॅपटॉप हातात घेऊन मधल्या पायरीपर्यंत आला होता, चेहरा वैतागलेला.

“नेट कोण खातंय?”

“मी. उतरवून घेतेय.”

“मीही.”

एकाच घरात, एकाच वायरीवरून, एकच गोष्ट दोघं एकाच वेळी खाली ओढत होतो.

“तुला आत्ता मिळाली?” मी विचारलं. नियम मोडला होता, पण तोंडातून निघून गेलं.

त्याने नुसती होकारार्थी मान हलवली आणि तो वर गेला. त्या मान हलवण्यात थोडा अपमानही होता, असं मला वाटलं. मालकाच्या घरात राहूनही त्याला शेजाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

मला तो सगळा दिवस विचित्र आनंद होत होता. आमची भीती निदान त्या दिवसापुरती खोटी ठरली होती, आणि ते माझ्या कंपनीत फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल तिकडे काही कळलं? त्यांना आधीच मिळाली होती का?”

मी म्हणाले, “काल आमच्याकडे नेट फार हळू होतं.”

तो समजला. मग म्हणाला, “ठीक आहे, नको सांगूस.” माणूस चांगला होता. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे काही काळाने मालकाने नवऱ्याची कंपनी दुसऱ्या एका फोनवाल्याला विकून टाकली. कारणं मोठमोठी सांगितली गेली. आमच्याकडे जो तो आपलं कारण सांगायचा. माझ्या मते बाकीचे फोनवाले अस्वस्थ झाले होते आणि आमच्यासारखे दोन-चार जण बाहेरची वाट खणायला बसले होते, हे मालकाला दिसत होतं. सगळे निघून गेले तर सिस्टिम त्याच्या एकट्याच्या फोनापुरती उरली असती. आमची सिस्टिम फोनावर कधी आली नाही. तिचा अर्धा भाग मनगटी घड्याळांत गेला, आणि बॅटरी वाचवायची आम्ही शोधलेली एक युक्ती आमच्या कंपनीने त्या मोठ्या कंपनीच्या सामाईक सिस्टिमलाच देऊन टाकली. म्हणजे ती आता स्पर्धकांच्या फोनांतही आहे. मला याचं दुःख व्हावं असं एका सहकाऱ्याचं मत होतं. मला झालं नाही.

ही दुसरी विक्री पुरी झाल्यावर, दोन्हीकडच्या सूचना सैल झाल्यावर, आम्ही दोघं सकाळी बाजारातल्या एका खाणावळीत इडली आणि कडप्पा खायला गेलो. कडप्पा म्हणजे मुगाच्या डाळीची, बटाट्याची पातळ भाजी, ती इथलीच. बसल्या बसल्या मी म्हणाले, “आम्ही स्वतःची सिस्टिम करत होतो.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तू पानवालीला नोटा द्यायला लागलीस तेव्हापासून. तुझ्या पर्समध्ये लग्नापासून मी कधी नोट पाहिली नव्हती.”

“आणि तू कोणाला सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार? माझी बायको रोख पैसे देते, असं?”

मग त्याने त्याच्या बाजूचं सांगितलं. विकत घेतल्यावर त्यांना वाटलं होतं, आता सिस्टिमवाल्यांच्या खोलीत थेट जाता येईल. झालं उलट. कोणी पक्षपाताचा आरोप करू नये म्हणून त्यांना साधा प्रश्न विचारायचा असला तरी बाहेरच्यांसारखा अर्ज करावा लागे, आणि उत्तर बाहेरच्यांच्याही नंतर येई. “तुम्ही सगळे आम्हाला लाडके समजत होता,” तो म्हणाला, “आणि आम्ही तिथे सावत्र होतो.” तो हे हसत सांगत होता, पण त्यातले काही महिने त्याला जड गेले होते, हे मला तेव्हाच कळलं. मी त्याच्या पानात माझ्यातली एक इडली वाढली. दुसरं काय करायचं, ते सुचलं नाही.

आजकाल ती मोठी कंपनी स्वतःच्या नावाचे फोन काढते. बाकीचे कुरकुरतात, पण सिस्टिम सोडून जात नाहीत. पुढे काय होईल, हे मला सांगता येणार नाही. मात्र आमच्या कंपनीत त्या जुन्या गटातली माणसं अजून आहेत आणि काय कसं केलं होतं ते त्यांच्या लक्षात आहे, हे मालकालाही माहीत असणार.

खाणावळीतून उठलो तेव्हा दोघांनाही कामावर जायची इच्छा नव्हती. दोघांनी तिथेच सुटी टाकली, आणि मी स्कूटर गावाबाहेर, इन्नंबूरच्या रस्त्याला घेतली. कापणी चालू होती. रस्त्यावर भाताचा पेंढा पसरलेला, त्यावरून चाक मऊ जात होतं. नवरा मागे बसून अजून बोलतच होता, इतक्या महिन्यांचं साठलेलं. वाऱ्यात त्यातलं निम्मं मला ऐकू येत नव्हतं. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत चालवत राहिले.