चौथी डबी

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा नियम हेच माझे भांडवल होते. त्या बळावर विलगीकरण खोलीतल्या एकाच रुग्णाची थुंकीची डबी मी आठ दिवसांत तीनदा परत पाठवली. क्षय कोणत्या औषधाला दाद देत नाही हे ठरवायला छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका लागतो. डबीत नुसती लाळ होती. ‘नमुना अयोग्य’ असा शिक्का मारताना आपण गुणवत्ता राखतो आहोत, असे मला मनापासून वाटत असे.

तिसऱ्या शिक्क्यानंतर वॉर्डातून निरोप आला. अहवालाअभावी औषधे ठरत नव्हती, बाई खंगत चालल्या होत्या आणि घरी जाण्याचा हट्ट धरून बसल्या होत्या. मी वर गेले.

रुग्ण म्हणजे माण तालुक्यात शेळ्या राखणाऱ्या, पन्नाशीच्या एक मावशी. त्यांच्या उघड्या दारात एक स्टूल होते. ताट, गोळ्या, डबी, सारे त्यावर ठेवले जाई आणि परिचारिका चार पावले मागे सरकून सांगे, “मावशी, नीट खोकून द्या बरं का!” तक्त्यावर ताप आणि नाडी दिवसातून तीनदा नोंदलेली होती, तीन दिवस तेच आकडे. जिवंत शरीर इतके एकसुरी वागत नाही; आकडे न मोजताच भरले होते.

तरुण परिचारिकेने माझी नजर ओळखली. “मॅडम, माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. तुम्ही खाली काचेच्या पेटीत हात घालून काम करता. आम्हाला कुठली पेटी?”

आतून मावशींचा आवाज आला, “आवं, शेळीलाबी कुनी असा दारातनं पाला टाकत न्हाई! उद्या जातोच बघा आमी.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले, तेव्हा वॉर्डच्या मोठ्या सिस्टर रजेवरून परतल्या होत्या. तीस वर्षांची नोकरी झालेल्या, कोयनानगरला वाढलेल्या. त्यांनी तक्ता पाहिला, स्टूल पाहिले, आणि रागावण्याऐवजी पर्समधून उदबत्ती काढली.

“सिस्टर, नारळपण आणू का?” तरुण परिचारिकेने टोमणा मारला.

“आण, तुझ्याच डोक्यावर फोडते.”

खरे सांगायचे तर मीही मनात हसले होते. सिस्टरांनी एन-९५ मास्क दाबून बसवला, उदबत्ती पेटवली आणि सरळ आत जाऊन ती खिडकीपाशी धरली. धूर खाटेवरून सरकत थेट दारात, आम्हा दोघींच्या तोंडावर आला. वायुप्रवाहाचे गणित मला पाठ होते. तरी दाराबाहेरची जागा सुरक्षित, असे मीही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सर्वांत धोक्याची जागा तीच होती, आणि तिथे आम्ही केवळ शस्त्रक्रियेचे पातळ मास्क लावून उभ्या होतो.

“भूकंपाच्या गावची आहे मी,” सिस्टर आतून म्हणाल्या. “आई म्हणायची, घाबर, पण कुठं उभं राहायचं ते आधी बघ. घ्या ते स्टूल आत आणि दार लावा.”

मीही सिस्टरांसारखा एन-९५ मास्क चढवला आणि स्टूल घेऊन आत गेले. त्या खोलीत मी प्रथमच पाऊल ठेवत होते. सिस्टर खिडकीला पाठ करून बसल्या. खिडकीतून येणारा वारा त्यांच्याकडून मावशींकडे जात होता. त्यांनी मावशींना गुळण्या करायला लावल्या आणि पाठीवर हात ठेवला. तो स्पर्श होताच मावशींचे डोळे भरून आले. किती दिवसांनी कुणी त्यांना हात लावला होता, ते मी विचारले नाही.

“मावशी, शेळी डोंगरावर चढली की हाक कुठनं मारता?”

“प्वाटातनं.”

“मग खोकला तिथनंच काढा. लांब श्वास घ्या. हं, आता!”

चौथी डबी मी स्वतः खाली नेली. बेडका घट्ट, पिवळसर होता. मुख्य औषधाला जंतू दाद देत नसल्याचा अहवाल निघाला आणि औषधे बदलली. घरी जायला बांधून ठेवलेले गाठोडे मावशींनी सोडले.

पुढच्या सोमवारी तरुण परिचारिका दारात मास्कची कड बोटांनी चाचपत उभी दिसली. तिची भीती गेली नव्हती. तिने उदबत्ती पेटवली, धूर पाहिला आणि थर्मामीटर घेऊन आत गेली. संध्याकाळी मी तक्ता उघडला. ताप सकाळी शंभर, दुपारी एकशे एक, संध्याकाळी नव्याण्णव. पहिल्यांदाच आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.