तीन आवाजांत ठरवलेली खाचरं

वर्तकनगरहून सकाळी सहाला निघालो. भाड्याची गाडी, चालवणारा मी, मागे आई आणि तिचे ऑपरेशन झालेले दोन गुडघे. कापूरबावडीचा सिग्नल यायच्या आधीच तिने विचारलं, "तिथे चालायला किती आहे रे?"

"काहीच नाही," मी बोललो. माझाच विश्वास नव्हता.

मुरबाडच्या पुढे डोंगरउतारावरची भातखाचरं (पायऱ्यांसारखी शेतं) मी फोटोत बघितलेली. इतकी हिरवी, की फोटो परदेशातला ढापलाय असंच वाटलं. खाली लिहिलेलं, 'गाडी बांधापर्यंत येते.' मागे एका धबधब्याच्या जाहिरातीतही असंच होतं. आई तीन तास गाडीत बसून राहिलेली आणि बिल्डिंगमध्ये सांगत फिरलेली, "काय धबधबा होता!"

या वेळी मी बुकिंग मेसेजवर केलं आणि शहानिशा फोनवर. 'माझ्या गुडघ्यांची जाहिरात करायची नाही,' ही आईची ताकीद. म्हणून शेतमालक बबनदादाला मित्रांच्या नंबरांवरून तीन फोन लावले. आधी शर्माजी झालो: "भाईसाब, गाडी सच में ऊपर तक जाती है?" मग पुण्याच्या काकू: "अंतर पावलांत सांगा, अंदाजे नको." शेवटी आमच्या तळमजल्यावरचे खोकणारे काका: "रविवारी येतोय, पण मला गुडघे आहेत हो!"

तिघांना एकच उत्तर: गाडी बांधाखाली, पुढे पंधरा पावलं चढ. काकांना जास्तीचं एवढंच, "या तुम्ही, करू कायतरी."

'करू कायतरी' म्हणजे काय, ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टला विचारा.

कल्याणच्या पुलावर अर्धा तास अडकलो. मुरबाडनंतर मॅपने एका गोठ्यासमोर नेऊन 'पोचलात' म्हणून जाहीर केलं. म्हशीने काच चाटली.

"हिला विचार, चालायला किती," आई बोलली.

शेवटी पोचलो. खाचरं खरी होती, फोटोपेक्षा हिरवी. बबनदादा मात्र आमच्या मागचा रस्ता बघत होता.

"काका नाय आले? गुडघेवाले?"

चढावर ओल्या मातीत नुकत्याच बसवलेल्या दगडी पायऱ्या, बाजूला बांबूचा कठडा, वर बांधावर एक खुर्ची.

आईने माझ्याकडे बघितलं. ते खोकणारे काका तिने घरात माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेले.

"काका नाही येणार," ती बोलली, "गुडघे तेवढे आलेत."

आणि बांबू धरून चढली. खुर्चीत बसलीच नाही. चपला काढून पाय सरळ खाचरात.

तांदळाची भाकरी आणि करटुल्यांची भाजी खाताना मला तिन्ही आवाज काढून दाखवायला लागले. शर्माजींना बबनदादा खूप हसला. काकांना नाही. काळं पडलेलं नख दाखवत बोलला, "यांच्या पायरीचा दगड पडला ओ बोटावर."

काकांचा आवाज मी परत काढला नाही.

परत येताना बाळकुमच्या जॅममधून फोन लावला. "दादा, पोचलोच आता."

"कोण, शर्माजी?"

"नाही ओ, मी."

"हा आवाज नवीन हाय. विश्वास कसा ठेवायचा?"

तीन आवाज काढून मी त्याला हाच प्रश्न विचारलेला.

आईने मागून फोन ओढला. "बबनदादा, पायऱ्या काढू नका हं. पुढच्या वर्षी आवणीला (भातलावणीला) येणार आहे मी."