यासीन मामूंची झोप

टीव्हीवर जांगू पाशाला विचारतात, सिनेमात येण्याआधी तुम्ही काय करत होता? हा प्रश्न आला की त्याची कळी खुलते. कोणी नट म्हणतो मी पंक्चर काढायचो, कोणी नटी म्हणते मी बाजारात कोंबड्या विकायचे. जांगू सगळ्यांचं होऊ देतो आणि मग सावकाश म्हणतो, "मी कबरी खोदायचो." झालं! मुलाखत घेणारी बाई तोंडावर हात ठेवते आणि टाळ्या पडतात.

खोदायचा म्हणे! हैदराबादच्या आमच्या कबरस्तानात त्यानं जेमतेम एक उन्हाळा काढला. फाटकाला लागून माझी चहाची टपरी आहे, त्यामुळं त्याची कामगिरी मी रोज बघत होतो. पहारीचे दोन घाव घालायचे आणि मग तळहाताकडं बघत बसायचं. आमच्याकडं वर मुरूम आणि खाली कातळ, तिथं असल्या नखऱ्यांनी काय होणार? खोदायचे ते यासीन मामू. जांगू घमेली उचलायचा आणि आलेल्या लोकांच्या नकला करून मला हसवायचा. नकला मात्र छान करायचा, ते नाकारत नाही.

मामू उंच, वाळके, बोलायला कमी. बापानं खोदलं, आजानं खोदलं, म्हणून हेही खोदतात. कबर तयार झाली की मामू स्वतः तिच्यात एकदा आडवे पडतात. ही त्यांच्या घराचीच पद्धत. खांदा कुठं अडतो, पाठीला खडा लागतो का, ते बघायचं आणि लगेच उठायचं. मी एकदा म्हटलं, "मामू, मेलेल्याला खडा टोचतो होय?"

"मला टोचला ना? मग काढायचा," एवढंच म्हणाले.

त्यांची बायको रहमत मुमानी. दुपारी डबा घेऊन यायची आणि फाटकातूनच आवाज द्यायची, "अहो, मेलेले कुठं पळून जात नाहीत, आधी जेवा!" मामू हसायचे ते तेवढंच. जांगू कामाला होता त्याच उन्हाळ्यात मुमानी काविळीनं गेली. तिची कबर मामूंनी कोणाला हात लावू न देता एकट्यानं खोदली. जांगूची आई बिस्मिल्ला बी आमच्याच गल्लीतली, तिनं मुमानीला अंघोळ घातली. इकडं जनाजा फाटकाशी आला तरी मामू वर येईनात. मी आणि जांगू बघायला गेलो. मामू कबरीत कुशीवर पडले होते, तोंड भिंतीकडं. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून सदऱ्याची बाही दातांत धरली होती. हुंदका आला की सगळं अंग उडायचं. आम्ही दोघांनी त्यांना हाताला धरून वर काढलं.

हे जांगूनं डोळ्यांनी बघितलं होतं, हे लक्षात ठेवा.

पुढं तो स्टेजवर गेला आणि ज्या नकलेनं त्याचं नाव झालं ती नक्कल हीच. कबर खोदणारा यासीन मामू खड्ड्यातच झोपतो, बाही तोंडात धरून घोरतो, हुंदक्यांचं त्यानं घोरणं केलं होतं. तेवढ्यात मयत येते आणि पोरगा वरून ओरडतो, "मामू, उठा, गिऱ्हाईक आलंय!" अख्खं शहर पोट धरून हसलं. माझ्या टपरीवर एकानं फोनवर ते दाखवलं तेव्हा मी त्याचा चहा परत घेतला आणि त्याला वाटेला लावलं. जांगू हाती लागला असता तर अख्खी किटली त्याच्या डोक्यावर ओतली असती. हरामखोरानं नावसुद्धा बदललं नव्हतं.

मामूंचं जगणं अवघड झालं. पुतण्याच्या लग्नात जेवायला बसले तर वऱ्हाडातली पोरं ओरडली, "मामू, उठा!" मामू खरंच उठले आणि घरी निघून आले, पुन्हा कोणाच्या लग्नाला गेले नाहीत. पण लग्न टाळता येतं, काम कसं टाळणार? बाप पुरायला आलेला माणूस मामूंना ओळखायचा आणि रुमालाआड हसू दाबायचा. एकदा टीव्हीवाले आले. "तुमचा शिष्य एवढा मोठा झाला, दोन शब्द बोला," म्हणाले. मामू पहार घेऊन उठले, तसे ते गाडीत जाऊन बसले.

मी म्हणायचो, "विसरा आता. तो कुठं, आपण कुठं."

"विसरणार नाही," मामू म्हणायचे. "त्यानं चारचौघांत एकदा सांगायचं, मी झोपलो नव्हतो. माझी बायको जायची होती त्या खड्ड्यात. एवढं वदवून घेतल्याशिवाय मी मरणार नाही."

मलाही वाटायचं, या पोराची एकदा तरी जिरायला पाहिजे.

मग बिस्मिल्ला बी गेली. तिला नवऱ्याशेजारीच जायचं होतं, म्हणजे आमच्याच कबरस्तानात. मी मामूंना म्हटलं, "आता सांगा, खोदत नाही म्हणून. बसू दे त्याला हात चोळत."

"तू हौलाच आहेस, अगदी येडा," मामू म्हणाले. "तिनं माझ्या रहमतला अंघोळ घातली. तिची जागा मीच करणार." आणि तशी कबर मी तरी दुसरी बघितली नाही. चारही बाजू तासून सरळ, तळाला चाळलेली माती. फक्त एक गोष्ट वेगळी होती. खोदून झाल्यावर मामू आत आडवे पडले नाहीत. पहार टेकवून मातीच्या ढिगावर बसून राहिले.

दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर जनाजा आला. सगळा रस्ता भरला. निम्मे लोक बिस्मिल्ला बीसाठी आले असतील, निम्मे जांगूचा फोटो काढायला. पांढऱ्या कपड्यांत जांगू पुढं उभा राहिला आणि रीतीप्रमाणं हात जोडून म्हणाला, "माझ्या अम्मीकडून कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाला काही बोलली असेल, तर आज माफ करा."

"माफ केलं, माफ केलं," सगळीकडून आवाज आले.

"तिला माफ," ढिगावरून मामू म्हणाले. "तिचं माझ्याकडं काही नाही. तुझं आहे."

लोक वळले. कोणीतरी मामूंना ओळखलं आणि कुजबुज पसरली. जांगूनं लोकांनी रोखलेल्या फोनांकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू आलं. "बघा, उस्ताद अजून रागावतात!" म्हणाला. दोन-चारजण हसले.

"मुलगाच खाली उतरून आईला घेतो," मामू म्हणाले. "उतर. आणि आधी आडवा पडून जागा बघ. तुला येतं की! सगळ्या दुनियेला दाखवतोस."

जांगूचं हसू गेलं. त्यानं आपल्या मामांकडं, बिस्मिल्ला बीच्या भावाकडं बघितलं, इमामसाहेबांकडं बघितलं. मामा म्हणाले, "यांची पद्धत आहे ती, बघून घे बाबा, अम्मीसाठी." नाही म्हणायची सोय नव्हती. तो उतरला आणि आडवा झाला.

मी कडेलाच होतो. आधी तो वर आभाळाकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात लावला. आपली आई आता इथं एकटी राहणार, हे त्याला तेव्हा कळलं असावं. त्याचं तोंड वाकडं झालं. तो कुशीवर वळला आणि हुंदका दाबायला बाही तोंडात धरली. नाटक नव्हतं हो ते. पोटातून आलं होतं.

आणि वरून कोणीतरी फिसकन हसलं.

"तेच! तेच करतोय!" एकजण ओरडला. फोन कडेवर वाकले. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावर चढले. जांगूचं अंग हुंदक्यानं उडालं की हसण्याची लाट यायची. "हसू नका, अम्मी आहे माझी," तो खालून म्हणाला, त्याचा आवाज फाटला, तर लोक आणखीच हसले, स्टेजवरही त्याचा आवाज असाच फाटायचा. मग दहा-पंधरा जणांनी एका सुरात हाळी दिली, "मामू, उठा, गिऱ्हाईक आलंय!"

गिऱ्हाईक म्हणजे त्याची आई. पलीकडं जनाज्यात होती.

मामू हसले नाहीत. पहारीवर हनुवटी टेकवून खाली बघत होते, एक क्षणही नजर हलवली नाही. मला विचाराल तर माझं काळीज निवलं. दया यायला हवी होती म्हणतात. मला आली नाही.

इमामसाहेब ओरडले तेव्हा लोक गप्प झाले. जांगूला मामांनी वर ओढलं. दाढीला माती, नाकातून पाणी. तो लोकांकडं वळला आणि म्हणाला, "ते झोपले नव्हते. ती रहमत मुमानीची कबर होती. ते रडत होते." मग खाली बघून म्हणाला, "मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं."

किती वर्षं मामू ह्याच शब्दांसाठी थांबले होते! मला वाटलं, आता संपलं.

जांगू त्यांच्यासमोर आला, हात जोडले. "मामू, माझं कहा-सुना, बोललं-चाललं माफ करा."

इमामसाहेब, मामा, सगळी गर्दी मामूंच्या तोंडाकडं बघत राहिली. "माफ केलं" म्हणायला दमडी पडत नाही, आमच्याकडं वैरीसुद्धा म्हणतो.

"ते मेलेल्यांचं माफ करतात," मामू म्हणाले. "तू अजून जिवंत आहेस. तुला खांद्यावर घेऊन येतील त्या दिवशी तुझ्या मुलाला विचारायला सांग. मी असलो तर बघू. आता आईला खाली घे, ती थांबलीय."

मग त्यांनी ढिगात रोवलेलं फावडं उपसलं आणि जांगू कबरीत उतरेपर्यंत बाजूला उभे राहिले.