चोच वर, शेपटी खाली

दारात आलेला माणूस पाणी नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं. वडनेरचा आमचा शेजारी किसनभाऊ खामगावच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन आला की आमच्या घरी टेकल्याशिवाय कधी परत जायचा नाही. चहा प्यायचा, आणि वर "मास्तरीणबाईच्या घरी साखर महाग झाली वाटते" असा टोमणाही मारायचा. त्या दिवशी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, पागोटं काढून हातात धरलेलं. म्हणाला, "बाई, दादाचं जरा जास्त हाय. चाल माह्यासंगं." आमच्याकडे असा निरोप आला की जास्त म्हणजे किती जास्त, हे विचारायचं नसतं. मी शाळेत निघाले होते, पिशवी खांद्यालाच होती. तशीच निघाले. वडनेर भोलजीला पोहोचले तेव्हा आमच्या अंगणात माणसं जमली होती आणि चूल विझलेली होती.

पुंडलिकदादा माझा थोरला भाऊ. वडील आम्हाला फार लवकर सोडून गेले, त्यामुळे शेत, घर, माय आणि मी असं सगळं गाठोडं त्याच्याच डोक्यावर आलं. स्वतः शाळेत फार गेला नाही, पण मला मात्र शिकवून मास्तरीण केलं आणि मग जन्मभर "मास्तरीणबाई, मले मारू नका" म्हणून चिडवत राहिला. गडी अंगानं दणकट. बिडी नाही, तंबाखू नाही. तेराव्याला आलेले लोक हेच बोलत होते, की निर्व्यसनी माणूस, तरी छाती अशी कशी गेली? मी पत्रावळी मांडत होते. मला माहीत होतं ना कशी गेली ती... अन् वहिनीलाही माहीत होतं. आता इतके आठवडे झाले, रडूनही झालं. आता सांगते.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांतली गोष्ट. दादाचं लग्न होऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. वहिनी डोणगावची, नाव शेवंता, बोलायला गोड आणि हाताला झपाटा. पण आमचं स्वयंपाकघर म्हणजे अंधारी कोठडी! एक टीचभर झरोका. जाळायला कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, पावसाळ्यात त्याही ओल्या. धूर नुसता कोंडायचा. वहिनीचे डोळे आधीच नाजूक, त्यात हा मारा. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, कोमट पाण्यानं सोडवाव्या लागायच्या. शेवटी मीच त्या दोघांना खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सरळ सांगितलं, "औषधानं आज बरं वाटेल. पण हा धूर असाच राहिला तर बाईंची नजर जाईल." दादा दाराशी उभा होता. परतीच्या वाटेवर थेंबांची बाटली त्यानं स्वतःच्या मुठीत धरली होती.

त्याच उन्हाळ्यात गावात ग्रामसेविका आली. बिनधुराची चूल कशी घालायची, ते घरोघरी सांगत फिरायची. आमच्या ओसरीवर बसून म्हणाली, "चुलीच्या मागे चिमणी बसवायची." वहिनीला वाटलं रॉकेलची चिमणी. ती म्हणाली, "हाय ना घरात, दोन हायेत." माय आमची त्याहून वस्ताद. "चिमणी बसवा लागते काय वं बाई? ते तर आपली आपण येऊन बसते, अन् सकायपासून कलकल करते!" ओसरीभर हशा. ग्रामसेविका बिचारी लाल झाली, पण तिनं सगळं नीट समजावलं. खापराचे नळ चुलीच्या पाठीला लावायचे, सांधे भुसा-मातीनं लिंपायचे. नळ छपरातून वर काढताना लाकडापासून हातभर लांब ठेवायचा, मध्ये पत्रा घालायचा. वरचं तोंड आढ्याच्याही वर गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. आणि दर महिन्याला दोरीला चिंध्या बांधून नळ आतून साफ करायचा. दादानं सगळं ऐकलं. "बसवताना मला बोलवा," असं ती जाताना म्हणाली. तेही ऐकलं असणार.

पण धीर कुठला! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी माहेरी डोणगावला गेली. ती परत यायच्या आत चिमणी तयार पाहिजे, तिला चकित करायचं, असं या पठ्ठ्याच्या मनानं घेतलं. तेच दिवस शाकारणीचे. दादा छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होता, त्याच हातांनी त्यानं नळही बसवले. आता, कवेलूचा नियम असा, की वरचं कवेलू खालच्याच्या अंगावर चढलं पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरून निथळून जातं. कुंभाराच्या नळाला एका टोकाला रुंद तोंड असतं आणि दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी. दादानं प्रत्येक वरच्या नळाचं तोंड खालच्याच्या शेपटीवर टोपीसारखं बसवलं. पत्रा घातला, हातभर जागा सोडली, सांधे लिंपले, सगळं बरोबर. वहिनी डोणगावहून आली, चूल पेटवली, आणि धूर गेला की वर! तिनं त्या दिवशी शेजारपाजारच्या बायकांना हाका मारून मारून चूल दाखवली. दादा अंगणात बैलाचं दावं वळत बसला होता, जसं काही त्याचं कशाशी देणंघेणंच नाही.

पावसाळा गेला. वहिनीचे डोळे निवळले. तेवढ्यात नळावर काळे ओघळ दिसायला लागले. धुराचा रस होतो डांबरासारखा, तो आतून खाली येतो आणि सांध्यातून बाहेर झिरपतो. वहिनी ते पुसायची. पण एक सांधा नेमका छपराच्या आत होता, तिथला ओघळ कोणाला दिसणार? तो पत्र्यावरून पसरत महिनोन्महिने छपराच्या बांबूंवर आणि तुराट्यांवर मुरत राहिला. दिवाळीच्या फराळाला चूल सकाळपासून धडधडत होती. दुपारी छप्पर पेटलं. वहिनीनं मायला हाताला धरून बाहेर ओढलं, मायच्या लुगड्याचा पदर जळाला होता. गाव धावून आलं, विहिरीवरून घागरी आल्या, आणि अर्धं छप्पर जाऊन आग विझली. जीव वाचले सगळ्यांचे. पण मायनं लहानपणी स्वतःच्या बापाचं घर जळताना पाहिलेलं. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "माह्या गयाची आण हाय पुंडलिक. मी जित्ती हाय तवर या छपराले पुन्हा भोक पाडशीन, तर माहं मेलेलं तोंड पाह्यशीन."

भाऊबीजेला मी गेले तेव्हा दादा जळक्या वाशांवर बसून नळ उतरवत होता. "सुमन, वर पाह्य," म्हणाला. एका नळाच्या शेपटीवरचा काळा थर त्यानं नखानं खरवडून दाखवला. मग दुसरा नळ घेऊन उलटा करून धरला, वरची शेपटी खालच्याच्या तोंडात. "असं पायजे होतं. म्हंजे रस आतल्या आत परत चुलीत गेला असता. मी कवेलू लावतो तसं लावलं वं... एवढंच उलटं झालं." मी म्हटलं, "मग आता सरळ लाव!" त्यानं हनुवटीनं ओसरीकडे दाखवलं. माय तिथे तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याशी भांडले, हो, सणाच्या दिवशी भांडले. ती म्हणाली, "तुले काय जाते बोलाले? तुहं घर खामगावले हाय. माह्या डोयादेखत सून जयली असती." माय दुष्ट नव्हती. भिली होती. आणि आमच्या दादापुढे तिच्या गळ्याची आण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सांगून सांगून थकले मी, पण हा बाबा हलला असेल तर शपथ.

छप्पर पुन्हा चढलं, त्यानंतर मी गेले तेव्हा सकाळी मला जाग आली ती फुंकणीच्या आवाजानं. फू... फू... आणि मग खोकला. पाहते तर चुलीपाशी दादा! उकिडवा बसलाय, डोळ्यांत पाणी, धुरात नुसतं धोतर दिसतंय. पऱ्हाट्यांचा पहिला धूर सगळ्यात वाईट; तो निघून गेला, निखारा पडला की मग चूल सोसवते. तो पहिला धूर त्यानं स्वतःकडे घेतला होता. धूर निवला की हाक मारायचा, "झालं वं." आणि आतून वहिनी म्हणायची, "हाव, उठली." त्या काळात, आमच्या गावात, नवरा चूल पेटवतोय आणि बायको अंथरुणात! वहिनी लाजेनं मरायची, पण तो तिला उठूच द्यायचा नाही. दोन वेळेची चूल, दोन्ही वेळा हाच. पारावरचे लोक सोडतात की काय. "पुंडलिक, आज पिठलं का वरण बे?" हा तोंड वर करून म्हणायचा, "चिमणी जयाली ना बे! आता मीच चिमणी." सगळे हसायचे. मीही हसले होते.

मायला दिसत नव्हतं असं नाही. दादा चुलीकडे गेला की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आण घालणं सोपं, परत घेणं जड जातं माणसाला. वर्षं जात राहिली. दादाची लेक मोठी झाली, सासरी गेली. वहिनीची नजर शाबूत राहिली, आजही ती सुईत दोरा ओवते. दादाचा खोकला मात्र आधी सकाळचा होता, तो दिवसभराचा झाला, मग छातीत घरघर सुरू झाली. खामगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "बिडी किती ओढता?" तो म्हणाला, "बिडी नाई साहेब, चूल ओढतो." डॉक्टर हसले, त्यांना तो विनोद वाटला.

गेल्या श्रावणाच्या आधी माय गेली. जाताना शुद्धीवर होती. दादाचा हात धरून म्हणाली, "बसव बापा आता तुही चिमणी." इतकंच. मी तिथेच होते. मला वाटलं, सुटलो! तेरवी झाली की हा छपरावर चढणार. पण नाही! सरळ वागेल तर तो दादा कसला. "मायचं वर्षसराद्ध होऊ दे. वर्षाच्या आत घराले हात लावू नाई." अरे, जिनं आण घातली तिनंच सोडवली, आता तुला कोण अडवतंय? मी बोलले, वहिनी बोलली. तो म्हणे, "इतके साल काढले, आता काई महिने." कुंभाराकडून नवे नळ मात्र लगेच आणून गोठ्यात कडब्यावर रचून ठेवले. थंडी पडली, छाती भरली, आणि तेवढे काही महिने त्याला मिळाले नाहीत. याचा राग मला अजून येतो. कोणावर काढू, ते समजत नाही.

तेरवी झाल्यावर मीच सांगितलं, आता वर्ष-बिर्ष काही पाहायचं नाही. दोनचार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. वहिनीचा भाऊ डोणगावहून आलेलाच होता, त्याला आणि किसनभाऊला घेऊन मी गोठ्यात गेले. कडबा बाजूला केला, तर प्रत्येक नळावर चुन्यानं काढलेली एक चिमणी. लहान मुलं पाटीवर काढतात तशी, गोल पोट, टिंबाचा डोळा. तोंडाच्या बाजूला चोच आणि निमुळत्या टोकाकडे शेपटी. एकही नळ त्यानं सोडला नव्हता. आपण नसलो, दुसरं कोणी बसवायला आलं, तरी पुन्हा चूक होऊ नये म्हणून... चोच वर, शेपटी खाली. म्हणजे त्याला कल्पना होती. किसनभाऊ नळ हातात घेऊन तिथेच खाली बसला. मग आम्ही ते एकात एक बसवले, शेपटी तोंडात, शेपटी तोंडात, पत्रा घातला, लाकडापासून हातभर लांब. वहिनीनं काडी लावली. जाळ आपोआप ओढला गेला. फुंकावंच लागलं नाही. कोठडीत धुराचा वास म्हणून नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा वडनेरला जाऊन आले. सकाळी ऊन अंगणात उतरलं तरी वहिनी अंथरुणातच. एवढी झपाट्याची बाई! जाऊन हलवलं, तशी दचकून उठून बसली. मी विचारलं, "बरं नाही का वहिनी?" ती म्हणाली, "बरं हाय बाई. रोजच असं होऊन राह्यलं." मग तिनं चुलीकडे बोट दाखवलं. "चिमणी चांगली हाय. धूर नाई, फुंका लागत नाई. पण बोलत नाई ते... मले जागच येत नाई."

दुसऱ्या दिवशी मी आधी उठले. चूल पेटवली, जाळ लगेच धरला. फुंकणी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, तोंडाशी घासून गुळगुळीत झालेली. ती घेतली आणि काही गरज नसताना चुलीत दोनदा फुंकलं. मग खोकले.

आतून आवाज आला, "हाव, उठली."