एकाच खात्यातली चार नावं

"चौघांत एकच खातं? तुमच्याकडे घरात टूथब्रशपण एकच असतो का?"

ऑनलाइन मीटिंगमध्ये प्रकल्पप्रमुख असं म्हणाले आणि पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. पुण्यातल्या, बंगळुरूतल्या, परदेशातल्यासुद्धा. मी धुळ्यात, क्लासच्या खोलीत बसले होते. माझ्या मागे नसरीन, सुनंदा आणि गुलाब उभी होती. तिघांनी ऐकलं. आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर."

प्रकल्प म्हणजे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर, खेड्यातल्या शाळांसाठी. इंटरनेट गेलं तरी मुलांचे धडे चालू ठेवणारं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, सुधारावा, उचलून न्यावा. पगार कुणालाच नाही. खानदेशातले स्वयंसेवक जमवायचे, काम वाटून द्यायचं, झालेलं तपासून पुढे पाठवायचं, हे माझ्याकडे. मी साक्रीकडच्या डोंगरातली, भिल्लाची पोर. धुळ्यात कॉम्प्युटर क्लासवर शिकवते. 'सगळ्यांना खुला' हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, चला, एक तरी जागा अशी आहे जिथे आडनाव विचारत नाहीत.

नसरीनचे वडील धुळ्यात लोखंडी कपाटं बनवतात. सुनंदा माझ्याच गावाकडची. गुलाब पावरा शिरपूरच्या वरच्या पाड्यावरचा. क्लासला सुट्टी असली की तिघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसायची. प्रकल्पाच्या साइटवरचं खातं एकच, मी उघडलेलं. कारण साधं. खातं उघडायला फोनवर ओटीपी लागतो. नसरीनच्या घरचा फोन वडील दुकानात नेतात, गिऱ्हाइकांसाठी. सुनंदाच्या घरी रेंज नाही. गुलाबचं सिम कधीचं बंद. मग जो बसेल तो काम करायचा आणि कोडमध्ये केलेल्या बदलाखाली आपलं नाव लिहायचा. घरात विळा एक असतो, ज्याला लागेल तो घेतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नियम होता, एक माणूस एक खातं. आम्ही तो मोडला, हे खरं. पण ते नियमाबद्दल बोललेच नाहीत. टूथब्रशबद्दल बोलले. खातं बंद केलं. काम कुणाचं ते कळत नाही म्हणून सगळं काढून टाकू म्हणाले. नावं तर तिथेच लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी मला एकटीला त्यांचा फोन. आवाज एकदम गोड. काम चांगलं आहे, काढायचं जिवावर येतं. पण एवढी नावं नकोत, उगाच प्रश्न येतात. सगळं तुझ्या नावावर घेऊ. पुण्याच्या संमेलनात तुला मंचावर बोलावू, कंपन्यांची माणसं येतात, नोकरीचंही बघू. शेवटी म्हणाले, "तू वेगळी आहेस गं. त्यांच्यातली वाटत नाहीस."

हे वाक्य मला नवं नव्हतं. कॉलेजात एका मॅडमनी हेच म्हटलं होतं आणि मी दिवसभर खूश होते. आता त्याचा अर्थ लागला. म्हणजे मला शाबासकी द्यायची आणि त्याच तोंडाने माझ्या माणसांना शिवी द्यायची. इतकी वर्षं ती शिवी मला ऐकूच आली नव्हती.

खोटं कशाला सांगू, पुणं डोळ्यांपुढे आलं. नोकरी मला हवीच होती. आई अजून मजुरीला जाते.

मी तिघांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. गुलाब खाली बघत राहिला. सुनंदा म्हणाली, "काम बठ्ठासनं शे ताई. मंग तुनं एकलीनं नाव काबर?"

रागाने नाही. काम सगळ्यांचं, मग नाव माझ्या एकटीचं का, एवढंच विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या मीटिंगला मी तिघांना शेजारी बसवलं आणि कॅमेरा चालू केला. म्हणाले, "सर, मी त्यांच्यातलीच आहे. आम्ही नियम मोडला, पण काम खोटं नाही. लावायची तर चारही नावं लावा."

"इथे आरक्षण चालत नाही," ते म्हणाले.

यावेळी कुणी हसलं नाही. कुणी बोललंही नाही. ते मला जास्त लागलं.

कोड उचलून न्यायचा हक्क त्यांच्याच सॉफ्टवेअरच्या परवान्यात लिहिलेला होता. आम्ही तो वापरला. सगळा कोड उतरवून घेतला आणि वेगळं सॉफ्टवेअर सुरू केलं. सोपं नाही. दोन-चार शाळांत चालतं, मध्येच अडतं. गुलाब मजुरीसाठी गुजरातेत गेलाय. त्याचं काम अर्धं राहिलंय. तो परत येऊन कॉम्प्युटरवर बसेल की नाही, मला माहीत नाही. रात्रंदिवस तीच धाकधूक.

आता त्या प्रमुखांचा निरोप आलाय. आमच्या नव्या सॉफ्टवेअरमधला गुलाबने केलेला भाग त्यांना हवा आहे.

न्या. खुला आहे. पण त्याखाली गुलाब पावरा लिहिलंय, ते नाव सोबत जाईल. ते पुसलंत तर मी तुमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये येईन, प्रत्येक संमेलनात उभी राहीन आणि ते नाव मोठ्याने घेईन. तुम्ही माइक बंद कराल तोवर. आणि बंद केल्यावरही.