साडूंची चूक

स्वतःची चूक सापडली की ज्याचा चेहरा दिवाळीला जावई घरी आल्यासारखा खुलतो, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. पेशाने ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून बैठकीत तेच मध्यभागी बसले होते. सासरे मुलीच्या स्वयंपाकाचं कौतुक करत होते, तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "भात करपतो हो तिचा. दहात तीनदा. सांगितलेलं बरं." सासऱ्यांना घाम फुटला, आतल्या खोलीत बांगड्या जोरात वाजल्या. मी मात्र जागच्या जागी होकार देऊन टाकला. ज्या घरात इतकं खरं बोलतात, तिथे बाकीचं ठीकच असणार असं मला वाटलं. लग्नानंतर मी मोजलं. दहात चारदा.

गुपित त्यांच्या पोटात राहत नसे. तरुणपणी ते दूर कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत चार वर्षं होते, तिथलं काम इतकं गुप्त की बायकोलाही सांगायची सोय नव्हती. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आमची ताई, म्हणायची, "यांनी तिथं चार वर्षं नुसती झोप काढली असती तरी मला कळायला मार्ग नव्हता." शेवटी कंटाळून ते नागपूरला शिकवायला परत आले. कारण विचारलं तर म्हणायचे, "काम गुप्त होतं, त्याचं काही नाही. पण माझ्या चुकाही गुप्त होऊन राहिल्या होत्या ना! बाहेरचं कोणी बघणारच नाही, तर पकडणार कोण?" चूक एकदा पकडली गेली की पुढे सगळं नीटच होणार, यावर त्यांचा इतका विश्वास होता की भर मे महिन्यात त्यांनी घरी बनवलेल्या कूलरने गच्चीवरून जिन्यापर्यंत पाणीच पाणी केलं, तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून ते आनंदाने ओरडले, "बघा, गच्चीचा उतार उलट्या बाजूला आहे! इतकी वर्षं कळलंच नव्हतं." ताई पाणी पुसायला पोचारा शोधत होती.

पण हा विश्वास एकदा चांगलाच पणाला लागला. द्रवांमधून ध्वनी किती वेगाने जातो, हे वेगवेगळ्या तापमानांना मोजून साडूंनी डॉक्टरेट मिळवली होती. त्यांचे आकडे परदेशातल्या एका मासिकाच्या तक्त्यात छापून आले होते आणि तो तक्ता सासऱ्यांनी देवघराशेजारी लावला होता. उमरेडच्या एका विणकराची मुलगी साडूंच्या हाताखाली तेच काम पुढे नेत होती. रोज एसटीने यायची, संध्याकाळी परत जायची. एका रविवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे पोहे खात असताना ती दारात येऊन उभी राहिली आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"काय झालं वं?" ताईने तिला हाताला धरून आत घेतलं.

"सर, माहे आकडे तुमच्याशी जुळूनच नाही राहिले. तीनदा केलं. सगळे म्हणतात सरांचे आकडे छापून आले, तूच थोडं जुळवून घे. काल मी जुळवले... अन् मग खोडले."

साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "खोडले ते चांगलं केलं. थर्मामीटर कोणता वापरला?"

"नवा, सर. तुमचा जुना कपाटात आहे."

अर्ध्या तासात मी आणि साडू स्कूटरवर होतो. गांधीबागेजवळच्या बर्फवाल्याकडून घेतलेली लादी पोत्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली होती आणि माझी पाठ थंडगार पडली होती. प्रयोगशाळेत त्यांनी बर्फ धुऊन फोडला, त्यात थोडं पाणी घातलं आणि मुलीचा नवा थर्मामीटर उभा केला. पारा शून्यावर येऊन थांबला. मग स्वतःचा जुना ठेवला. ते वाकून बघत राहिले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही वाचा. माझ्या डोळ्यांवर विश्वास नको." पारा शून्याच्या वर, एक अंश ओलांडून उभा होता. वितळत्या बर्फात. म्हणजे साडूंचं प्रत्येक तापमान चुकलं होतं, आणि तक्त्यातला प्रत्येक आकडाही.

त्या दिवशी त्यांचा चेहरा खुलला नाही. ते स्टुलावर बसून राहिले.

पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची निवड होती आणि सगळे त्यांचंच नाव घेत होते. ताई म्हणाली, "एक महिना थांबा. चूक काही पळून नाही चालली." दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालताना म्हणाले, "महिनाभर ती पोरगी स्वतःलाच चुकीची समजत रोज उमरेडहून येत राहील. ते नाही जमत मला." आणि विभागाच्या सभेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोणीतरी विचारलं, "इतकी वर्षं काहून लक्षात नाही आलं?" ते म्हणाले, "मी दुसऱ्यांचेच थर्मामीटर तपासत होतो."

विभागप्रमुख दुसराच झाला. मासिकाला मात्र साडूंनी स्वतः पत्र लिहिलं, आणि आता काय होतंय म्हणून सगळं घर धास्तावलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. संपादकांनी आभार मानले होते, दुरुस्ती छापू म्हटलं होतं आणि मुलीचे नवे आकडे मागितले होते. साडूंनी पत्र दोनदा वाचलं आणि जिन्यातूनच ओरडले, "सुटलो गं बाई!" त्या दुपारी ते वरणभात तीनदा वाढून घेऊन जेवले आणि आरामखुर्चीत घोरायला लागले. ताई दाराशी उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघत होती. "पद गेलं खड्ड्यात," ती मला हळूच म्हणाली, "माणूस परत आला." उमरेडच्या मुलीला पदवी मिळाली, पुढे ती प्राध्यापक झाली.

मी कचेरीत कारकून. आमच्याकडे चूक झाली की कागद फायलीच्या तळाशी जातो. नावातल्या सारखेपणामुळे माझ्या हातून एकदा भलत्याच माणसाची बदली दूर जंगलातल्या तालुक्याला झाली होती आणि मी तोंड उघडलं नव्हतं. साडू निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना ते सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आता कुठे असतो तो?" भंडाऱ्याला, निवृत्त होऊन, म्हटल्यावर म्हणाले, "मग जाऊन या की. आहे ना अजून!"

मी टाळत राहिलो. साडू वारले, त्याच्या पुढच्या वर्षी भंडाऱ्याला गेलो. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि अंगणातली खाट माझ्याकडे सरकवली. "मले तवाच वाटलं होतं गा. पहिलं वर्ष लई शिव्या देल्या. मंग लेकीले तिथलंच चांगलं स्थळ भेटलं. बस, चहा घे." आम्ही दोनदा चहा घेतला. परतीच्या एसटीत मला इतकं हलकं वाटत होतं की कधी एकदा नागपूर येतंय आणि साडूंना जाऊन सांगतोय असं झालं. मौद्याच्या पुढे कुठेतरी लक्षात आलं, की ते सांगायला आता साडूच नाहीत.